नदीकाठची राजधानी आणि खालची गावं

आजचा विषय राजधानीचा आहे, पण सुरुवात आपण वाळकीपासून करू. तिथे मुळा-मुठा भीमेला मिळते. ते पाणी पुण्यातून आलेलं असतं. म्हणून पुण्याकडे आज आपण या खालच्या टोकाकडून बघणार आहोत.

राजधानी म्हणजे राजा राहतो ते गाव, असं आपण धरून चालतो. पुण्याच्या बाबतीत ते जुळत नाही. गादी साताऱ्याला होती. बाजीरावांनी १७३० मध्ये मुठेजवळ शनिवारवाड्याचं काम सुरू केलं. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि राज्याचा कारभार पुण्यातून चालू लागला. म्हणजे निर्णय जिथे होतात, ती राजधानी.

आता गंमत बघा. नदी दाराशी असूनही नानासाहेब पेशव्यांनी शहराला पाणी आणलं ते कात्रजच्या तलावातून. तलाव उंचावर, शहर उतारावर. बांधीव नळातून पाणी आपोआप हौदांत यायचं. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण झालं, शहर आणि शेती दोघांसाठी. त्याच्या कालव्याचं पाणी आपल्या वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावात येतं.

तेव्हा एकच मुठा आपल्या तालुक्यात दोन वाटांनी येते. कालव्याने येते ती धरणातली, पात्रातून येते ती शहर ओलांडून. पुणे वाढलं तशी कालव्याच्या आवर्तनासाठी ओढाताण वाढली आणि पात्रात सांडपाणी नि जलपर्णी वाढली.

हे फक्त आपलंच दुखणं आहे का? अमेरिकेत आयोवा राज्याची राजधानी आहे डे मॉइन. १८५७ पासून राजधानी, आणि तीही दोन नद्यांच्या संगमावर. २०१५ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंटींतल्या, शेतातलं पाणी निचरून काढणाऱ्या मंडळांवर दावा लावला. शेतातलं नायट्रेट आमच्या नदीत येतं, ते काढायचा खर्च आम्ही का सोसायचा, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. तिथे शेतकरी वर आणि राजधानी खाली. आपल्याकडे नेमकं उलटं.

म्हणून शहर वाईट की शेती वाईट, हा प्रश्नच आम्हाला अपुरा वाटतो. वरच्याला खालचा दिसत नाही, हे खरं दुखणं. आणि आपण नेहमी खालचेच असतो असंही नाही. आपल्या उसाला घातलेल्या खतातलं काही भीमेत उतरतं आणि उजनीत जातं. उजनीकाठच्या माणसाच्या दृष्टीने आपण वरचे! पुण्याकडे स्वच्छ पाणी मागण्याचा आपला हक्क आहेच, तो सोडू नये. पण जे पुण्याकडे मागतो, ते उजनीकाठच्याला द्यायची आपली तयारी आहे का? घरी जाताना एवढा विचार करावा. प्रश्न असतील तर आता विचारा.