नळदुर्गचा पूल आणि न उघडलेली फाईल
(लेखमाला : दफ्तर कुणाच्या हाती? – भाग 5)

13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेची निजामाच्या सैन्याशी पहिली लढाई झाली ती नळदुर्गला. 7 व्या ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि 2 शीख पलटण पुढच्या मोर्च्यांवर तुटून पडली. संरक्षण मंत्रालयाने 1972 मध्येच या कारवाईचा इतिहास छापला, त्यामुळे पुलाची गोष्ट कुणालाही वाचता आली.

त्यानंतरच्या आठवड्यांत नळदुर्गच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काय घडलं, त्याचाही कागद होता. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानभर फिरले. सर्वाधिक झळ बसलेल्या 4 जिल्ह्यांत त्यांनी गुलबर्गा, बीदर आणि नांदेडबरोबर उस्मानाबादचं नाव घातलं. कारवाईदरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. सरदार पटेलांना हे मान्य नव्हतं. त्यांचा अहवाल छापला गेला नाही.

निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकील होता लातूरचा, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात. रझाकारांनी केलेली जाळपोळ आणि लूट पुस्तकांत आली, 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत आली, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्या बाजूच्या, मुसलमान घरांत मात्र गेलेल्या माणसांविषयी बोलायचं तर पुढे ठेवायला कागद नव्हता. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या दुःखाला आपल्याकडे चटकन ‘अफवा’ म्हणतात. दफ्तराची सत्ता म्हणतात ती हीच. त्यासाठी खोटं लिहावं लागत नाही, खरं कुलपात ठेवलं की भागतं.

1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने राष्ट्रीय अभिलेखागारातले 30 वर्षांहून जुने कागद संशोधकांना खुले केले, पण गोपनीय शिक्का नसलेलेच. शिक्का काढायचा अधिकार ज्या-त्या सरकारी खात्याकडेच राहिला.

अहवालाचे उतारे आधी इकडेतिकडे छापून आले होते. 2013 मध्ये वकील-लेखक ए. जी. नूरानींच्या पुस्तकाबरोबर तो हाताशी आला आणि वादाची जागा बदलली. ‘असं झालंच नाही’ म्हणणारे आता आकड्यावर भांडू लागले. आकड्यावर प्रश्न विचारणं गैर नाही. तीन माणसांनी थोड्या आठवड्यांत जमवलेला तो अंदाज आहे, गावनिहाय मृतांची यादी नव्हे. पण आकड्याच्या झटापटीत त्याच अहवालातली एक नोंद कुणी फारशी वाचत नाही : हिंदू विणकरांनी जबर किंमत मोजून मुसलमान विणकरांना वाचवल्याची. ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची असावी.

गावनिहाय काही सापडायचं असेल तर ते त्या काळच्या पोलीस ठाण्यांच्या आणि तहसिलींच्या कागदांत, आणि निजामी अमलातले बरेचसे कागद उर्दूत. ते वाचू शकणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारलाही उर्दू आणि मोडी जाणणारे शोधावे लागले. त्या शोधाविषयी पुढच्या आठवड्यात.