पंचबाई, जरा सरकून उभ्या राहा!

आमच्या एका मुलीला हनुवटीवर तीन टाके पडले, आणि तेही खेळ थांबलेला असताना. कुणी म्हणेल, खेळ थांबलेला असताना कशी काय पडली? तीच तर गोष्ट सांगायची आहे.

मुकुंदवाडीकडच्या वस्तीतल्या दहा-बारा मुलींना घेऊन आम्ही काही जणी सिडकोतल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर संध्याकाळी बास्केटबॉल खेळवतो. खेळवतो म्हणजे काय, मैदान मिळवायचं, बॉलमध्ये हवा भरून आणायची, मुलींना घरी सोडायचं. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. बॉल जाळीत गेला की टाळ्या वाजवायच्या, एवढीच माझी हुशारी.

गेल्या वर्षी शहरातल्या एका छोट्या स्पर्धेत मुलींनी पहिल्यांदा भाग घेतला. दुसऱ्या सामन्यात शेवटचं मिनिट उरलं होतं आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. बॉल बाहेर गेला, थ्रो-इन आम्हाला मिळाला. थ्रो-इन म्हणजे रेषेबाहेर उभं राहून बॉल मैदानातल्या आपल्या खेळाडूकडे टाकायचा. आमची छोटी बॉल घेऊन बाजूरेषेबाहेर उभी. तिच्याकडे धावत येणार होती आमची सगळ्यात उंच मुलगी. ती दोन पावलं धावली असेल नसेल, शेजारच्या मुलीचं कोपर तिच्या छातीत बसलं आणि ती तोंडावर आपटली. इकडे छोटी बॉल हातात धरून बघतच राहिली. द्यायचा कुणाला? जिला द्यायचा ती खाली पडलेली! तेवढ्यात पंचांची शिट्टी. फाउलची नाही हो, पाच सेकंद संपल्याची! बॉल गेला समोरच्यांकडे. सामनाही गेला.

मी तावातावाने पंचांकडे गेले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, मला दिसलंच नाही." दुसऱ्या पंचांनीही तेच सांगितलं. राग आला, पण नंतर डोकं थंड झाल्यावर जाणवलं, ते खोटं बोलत नव्हते. दोघंही बॉलच्याच बाजूला, जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघंही बॉलकडेच बघत होते. मग मागे काय झालं ते दिसणार कसं?

घाटीत टाके घालून आणले. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी मैदानावर यायची बंद झाली. घरी गेले तर तिचे वडील रिक्षा पुसत होते. म्हणाले, "ताई, तुमच्यावर इश्वास आहे. पण पोरीचं लगीन व्हायचंय. तोंडावर वण राहिला तर कोण पत्करील? आन् पाडणारीला कुणी काय बोललं का?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, कुणी पाह्यलंच नाही."

हे वाक्य आपण बायकांनी किती वेळा ऐकलंय, किती वेळा म्हटलंय!

माझी एक मैत्रीण कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायची. लग्नानंतर सुटलं, पण नियम अजून तोंडपाठ. तिच्याकडे जाऊन सगळं गाऱ्हाणं मांडलं. तिने आधी चहा दिला, मग ओट्यावर पोळपाट ठेवला आणि त्यावर दहा शेंगदाणे मांडले. हे दहा खेळाडू. दोन लवंगा घेतल्या. हे दोन पंच. म्हणाली, "सांग, लवंगा कुठे ठेवशील?" मी दोन्ही बॉलजवळ ठेवल्या. ती हसली. "बघ, तूही तेच केलंस! सगळ्यांचे डोळे बॉलवरच जातात. पंचाने तेच टाळायचं असतं."

मग तिने समजावलं. दोन पंच असले की एक असतो बास्केटजवळ, शेवटच्या रेषेबाहेर. त्याला लीड म्हणतात. दुसरा खेळाच्या मागे, त्याला ट्रेल म्हणायचं. दोघं साधारण एकमेकांच्या तिरप्या टोकांना. नियम एकच लक्षात ठेवायचा, दहाही खेळाडू दोघांच्या मध्ये आले पाहिजेत. गाठोडं दोन बाजूंनी धरावं तसं. कुणीही खेळाडू पंचाच्या पाठीमागे राहता कामा नये.

थ्रो-इनच्या वेळी ज्याच्या रेषेवरून बॉल आत यायचा, तो पंच बॉल देतो. पण देऊन तिथेच चिकटून उभं राहायचं नाही. थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे बॉल टाकणारीचे पाय, रेषा आणि तिला अडवणारी मुलगी, तिन्ही एका नजरेत येतात. बॉल देण्याआधी शिट्टी तोंडात हवी, जागा बोटाने दाखवून दिलेली हवी आणि साथीदार पंचाशी नजरानजर झालेली हवी. बॉल हातात पडला की हाताने पाच सेकंद मोजायचे, सगळ्यांना दिसतील असे. दुसऱ्या पंचाने मात्र बॉलकडे बघायचंच नाही! बाकीच्या मुली कुठे धावतात, कोण कुणाला अडवतं, कुणाचं कोपर कुठे जातं, ते त्याने बघायचं.

"पंगतीसारखं आहे गं," मैत्रीण म्हणाली. "वाढणारी पानाकडे बघते. पण घरातली एक जाणती बाई दाराशी उभी राहून सगळ्या पंगतीवर नजर ठेवते. कुणाचं पान रिकामं राहिलं, कोण संकोचाने मागत नाही. दोघी वाढायला लागल्या की कुणीतरी उपाशी उठणारच."

आणखी एक गोष्ट कळली, ती ऐकून जीव चुटपुटला. 2022पासून आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत खास थ्रो-इनच्या वेळचा फाउल आलाय. चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बॉल अजून पंचाच्या किंवा टाकणारीच्या हातात असताना, बचाव करणारीने आतल्या खेळाडूवर फाउल केला, तर एक फ्री थ्रो आणि वर पुन्हा थ्रो-इन, दोन्ही त्याच संघाला. आम्ही एका गुणानेच मागे होतो! फ्री थ्रो पडला असता तर बरोबरी होती. नियम होता हो, बघणारं कुणी नव्हतं.

ते पाच सेकंद मात्र या खेळाइतकेच जुने. 1891च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधला, तेव्हाच्या तेरा नियमांतही बॉल आत टाकायला पाचच सेकंद होते. नियम कागदावर सव्वाशे वर्षांपूर्वीच आला. पण तो पाळला जातोय की नाही हे बघायला माणूस योग्य जागी उभा लागतो.

मग आम्ही ठरवलं, आपल्या मुलींना खेळाबरोबर पंचगिरीही शिकवायची. आणि सगळ्यात आधी मी शिकायचं! चाळिशी ओलांडलेल्या बाईने गळ्यात शिट्टी अडकवली म्हणून घरी बरीच चेष्टा झाली. पहिल्याच दिवशी मी जोरात शिट्टी मारली, "रेषेवर पाय!" मैत्रीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, रेषा मैदानात धरत नाहीत. थ्रो-इन टाकणारीचा पाय रेषेवर चालतो, रेषेच्या आत नाही." दुसऱ्या दिवशी बॉल देऊन मी टाकणारीच्या इतकी जवळ उभी राहिले की तिला हात फिरवायला जागा नाही. छोटीच म्हणाली, "ताई, जरा सरकून उभ्या राहा ना!" सरकले, आणि खरंच सगळं दिसायला लागलं. बॉल टाकणारीने आडवं मीटरभरच सरकायचं असतं, मागे हवं तितकं जाता येतं. अडवणारीने रेषेबाहेर हात काढायचा नसतो. हे सगळं चार पावलं मागून स्वच्छ दिसतं. नाकाजवळून काही दिसत नाही.

मग मी पुन्हा त्या मुलीच्या घरी गेले. वडिलांना म्हटलं, "दादा, तिला खेळायला नाही नेत. पंच म्हणून उभी राहू द्या." त्यांना वाटलं, पंच म्हणजे पुरुषांचं काम. मी सांगितलं, आपल्या पुण्याच्या स्नेहल बेंडके फिबाच्या पंच म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांना उभ्या राहिल्यात. तिकडे अमेरिकेत तर 1997 सालीच व्हायलेट पामर आणि डी कँटनर या दोघी पुरुषांच्या एनबीए सामन्यांत पंच झाल्या. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाडणारीला ही बोलू शकंल?" म्हटलं, "नुसती बोलणार नाही दादा, शिट्टी मारील."

गेल्या रविवारी आमच्याच मुलींचे दोन गट करून सामना ठेवला होता. ती ट्रेल होती, मी लीड. माझ्या बाजूने थ्रो-इन होता. मी बॉल दिला, हाताने मोजायला लागले. एक, दोन. तोच पलीकडून कडाडून शिट्टी! बघते तर ती तिकडे मूठ वर करून उभी. एका मुलीने दुसरीला मागून ढकललं होतं. ढकलणारी होती तिचीच जिवाभावाची मैत्रीण. "मी कुठं काय केलं?" असं ती म्हणायच्या आत आमच्या पंचबाईंनी सांगून टाकलं, "मी पाह्यलंय."

हनुवटीवरचा वण अजून पुसट दिसतो. पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा खेळायलाही येणार आहे. वडिलांनीच विचारलं, "ताई, त्या दिवशी पंच नीट उभे राहतील ना?" मी त्यांना रविवारी मैदानावर यायला सांगितलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या लेकीचा सामना बघायला गेलात तर थ्रो-इनच्या वेळी एकदा बॉल सोडून बाकीच्या मुलींकडे बघा. आणि दोन्ही पंच एकाच बाजूला उभे असतील, तर सामना संपल्यावर शांतपणे, न भांडता जाऊन सांगा. मला भांडण्याआधी हे माहीत असतं, तर फार बरं झालं असतं.