इंजिनामागची माणसं

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या मंडळींनो, नागपूरला गेलात की मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जरूर पाहा. २००२ साली ते सुरू झालं. आपली जबलपूर-नैनपूर छोटी लाईन २०१५ मध्ये बंद पडली, म्हणून त्याचं मोल जास्तच. पण रेल्वेचा इतिहास म्हणजे केवळ इंजिनं नव्हेत. मुंबईचा रूळ १८७० साली जबलपुरात कलकत्त्याच्या रुळाला मिळाला. त्याआधी पुण्याच्या वाटेवर एकट्या बोरघाटात रूळ टाकताना हजारो मजूर दगावले. त्यांनाही संग्रहालयात जागा हवी. मजुरांनी कागद मागे ठेवले नाहीत, मग तिथे मांडायचं काय, असं कुणी म्हणेल. पण शिकागोत पुलमन शयनडब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांचं आणि त्यांच्या युनियनचं स्वतंत्र संग्रहालय आहेच ना! हजेरीपट, कंदील, क्वार्टरमधले फोटो, आठवणी हाही पुरावाच. घरात कुणी गँगमन, फायरमन असेल, तर त्यांच्या वस्तू रद्दीत घालू नका.