उंदराचे आतडे आणि माणसाचे दुखणे

आमच्या युनियनची कचेरी बुधवार पेठेत. काही वर्षांपूर्वी लेथवर काम करणारा एक टर्नर तेथे आरोपपत्र घेऊन आला. दिवसातून आठ-दहा वेळा यंत्र सोडून शौचास जातो, सबब कामचुकार, असा ठपका होता. तपासणीत निघाले की त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दाह आहे. आरोपपत्र आम्ही मागे घ्यायला लावले. रोगाला तसे करता येईना. आम्ही वैद्यकातले पंडित नाही. पण नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांवर शिकलेल्या माणसाला चौकशीची खोड असते.

या रोगात शरीराचे रक्षक आपल्याच आतड्यावर उलटतात. त्यावरचे औषध प्रथम माणसावर कसे अजमावणार? म्हणून उंदीर. त्यांच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट हे द्रव्य पाच-सात दिवस घालतात. आतड्याचे अस्तर सोलवटते, जुलाब होतात, रक्त पडते, वजन घटते. ही रीत जपानी संशोधकांनी १९९० साली उंदरांत रूढ केली. मग काही उंदरांना औषध द्यायचे, काहींना नाही, आणि दोहोंची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहायची. येथे एक मेख आहे. औषधाच्या चवीने उंदीर पाणीच कमी प्याला, तरी रोग कमी दिसतो! म्हणून कोण किती प्याला, याचा हिशेब ठेवावा लागतो.

दुसरी रीत अनुवंशाची. दाह आवरणारे इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य ज्यांच्या अंगी तयारच होत नाही, अशा उंदरांना आतड्याचा दाह जडतो, हे १९९३ साली दिसले. तेच उंदीर जंतुरहित जागी वाढवले तर दाह होत नाही. म्हणजे आतड्यातील जंतूंचाही या भांडणात हात आहे, हे कळले.

मग हेच द्रव्य रोग्यांना दिले तर? दिले, पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत म्हणण्यासारखा गुण आला नाही. उंदीर वाट दाखवतो, मुक्कामाची हमी देत नाही. उलट, टी.एन.एफ. हे दाह भडकवणारे द्रव्य अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब १९९८ साली अमेरिकेत क्रोन्सच्या आजारासाठी मंजूर झाले. गंमत अशी, की त्या औषधाच्या रेणूचा सुमारे चौथा हिस्सा मूळचा उंदराचाच आहे.

पुण्यातही गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे प्राणिगृह आहे. उंदराला युनियन नाही. त्याच्या वतीने १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा बोलतो. प्रयोगात विनाकारण यातना होऊ नयेत, अशी त्याची अट आहे. ती आम्हांला न्याय्य वाटते.

तेव्हा श्रोतेहो, 'उंदरांवर गुणकारी' अशी बातमी वाचली, तर घरातल्या रोग्याच्या चालू गोळ्या बंद करू नका. माणसांवर चाचणी झाली का, किती जणांवर, आणि तुलनेला कोण होते, एवढे विचारा. आमचा टर्नर आज साध्या गोळ्यांवर कामावर आहे. त्या गोळ्यांइतकाच त्याला उपयोग झाला तो शौचास जाण्याच्या मुभेचा. आणि ती मिळवायला उंदराची गरज नव्हती.