कॅमेऱ्याला काय कळत नाही

दिवेघाट चढणाऱ्या पालखीचे फोटो दर आषाढी वारीला हजारोंनी निघतात आणि त्यातल्या कितीतरी फोटोंत वारकऱ्यांची धोतरं, टोप्या मळकट राखाडी दिसतात. यात दोष धुलाईचा नसतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर माणूस आहे की म्हैस, हे कळत नाही. त्याला उजेड किती येतोय एवढंच कळतं, आणि त्या उजेडाची सरासरी एका मधल्या करड्या छटेवर आणून बसवायची, हा त्याचा धर्म. ही छटा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा करडा रंग. फ्रेमभर पांढरं दिसलं की मापकाला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंडर, म्हणजे अंधारा नेतो. काळ्याकभिन्न कातळाने फ्रेम भरली की उलटं होतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट धुरकट होऊन बसतो. आताचे कॅमेरे फ्रेमचे शेकडो तुकडे पाडून मोजमाप करतात, चेहरे ओळखतात, तरीही पांढऱ्या गर्दीपुढे ते चकतातच. वारीत प्लस एक स्टॉप, म्हणजे मापकाने ठरवल्याच्या दुप्पट उजेड दिला की पांढरं पांढरं दिसायला लागतं.

फोटोग्राफी सुधारायची म्हणजे नवी लेन्स घ्यायची, असा आपल्याकडे एक समज आहे आणि दुकानदार तो मोडायला उत्सुक नसतात. माझ्या मते ती सुधारते ती यंत्र आपल्या वतीने काय काय ठरवून टाकतंय हे ओळखल्यावर. एक्स्पोजर, रंग, फोकस, शटर यातला एकेक निर्णय कॅमेरा परस्पर घेत असतो. दहापैकी सात वेळा तो बरोबर असतो, म्हणून तर आपण गाफील राहतो. आणि प्रत्येक विषयात तो वेगळ्याच जागी चुकतो. एकाच विषयाला चिकटलेल्या माणसाला त्याची एकच खोड कळते. विषय बदलले की बाकीच्या उघड्या पडतात.

पूर्वी ही चूक महाग पडायची. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, तेव्हापासून पुढची जवळजवळ दीडशे वर्षं प्रत्येक फ्रेमला काच, कागद, रसायन यांचा खर्च होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला वृत्तछायाचित्रण करायच्या तेव्हा स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्यावर दर फोटोला फ्लॅशचा बल्ब जळायचा आणि पुढच्या फोटोआधी नवा बसवावा लागायचा. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र १०० बाय १०० बिंदूंचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. त्यातून आपल्याला मिळालेली खरी देणगी म्हणजे फुकटची चूक. शिवाय प्रत्येक फाइलच्या पोटात शटर, अपर्चर, आयएसओ, घड्याळाची वेळ सगळं लिहिलेलं असतं. शिकण्यासाठी याहून चांगली वही नाही, आणि ती उघडून पाहणारे फार थोडे.

वारीकडे परत येऊ. संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा हे दोन्ही विषय वर्षानुवर्षं केले. त्यांचे फोटो पाहताना जाणवतं की फोटोग्राफर माणसांच्या जवळ आहे. लांबच्या झूममधून टिपलेला वारकरी आणि हातभर अंतरावरून, वाइड लेन्सने टिपलेला वारकरी यांत फरक पडतो तो इथेच. जवळ जायला बोलावं लागतं, माउली म्हणावं लागतं, थोडं चालावं लागतं. रिंगणाचा घोडा मात्र वेगळा हिशेब मागतो. त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं शटर हवं, आणि तो कुठून वळणार ते आधी हेरून तिथे फोकस धरून ठेवावा लागतो. तमाशाच्या फडात पुन्हा सगळं पालटतं. मागे गडद काळोख, पुढे एकाच झोतात उजळलेला चेहरा. मापक काळोख मोजतो आणि चेहरा जाळून टाकतो. तिथे मायनस द्यायचा.

या प्लस-मायनसची खरी परीक्षा भिगवणला होते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी रोहित पक्षी येतात. कुंभारगावहून, डिकसळहून होड्या निघतात. वारीत पांढऱ्याला प्लस द्यायचा असतो हे शिकलेला माणूस इथे बगळ्यालाही प्लस देतो आणि बगळ्याचा नुसता पांढरा ठिपका उरतो, पिसांचा मागमूस नाही. कारण इथे फ्रेमचा बहुतेक भाग गडद पाण्याने भरलेला आहे, बगळा त्यात एवढासा. मापक पाण्याच्या हिशेबाने उजेड वाढवून बसलेलाच असतो. म्हणजे विषय पांढरा असूनही मायनस. पांढरं किती पांढरं आहे यापेक्षा फ्रेममध्ये त्याने किती जागा अडवलीय ते पाहायचं. हे ज्याला उमगलं त्याला मी अर्धा फोटोग्राफर मानतो. उरलेला अर्धा हिस्टोग्रामने होतो. फोटोसोबत जो डोंगरासारखा आलेख दिसतो त्याची उजवी बाजू भिंतीला आपटली असेल, तर हायलाइट उडाले, आणि पुरते उडालेले हायलाइट कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाहीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. भर उन्हात तो सगळंच अंधारं दाखवतो.

उडणाऱ्या पक्ष्याला शटर दोन हजारांच्या आसपास लागतं, आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. दाणे पडलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. होडीवाल्याला मात्र थव्यात होडी घालायला सांगू नये. उठवलेल्या थव्याचे फोटो ओळखू येतात: सगळ्या पक्ष्यांच्या पाठी आपल्याकडे.

कासला पाऊल टाकलं की कॅमेऱ्याची आणखी एक खोड भेटते. ऑगस्ट सरता सरता पठार फुलतं आणि माणसं उभ्याने, खाली कॅमेरा करून, गालिचा टिपतात. फूल दिसतच नाही. सीतेची आसवे किंवा गेंद यांच्यासाठी वाटेवरच पोटावर आडवं व्हावं लागतं (कुंपणाच्या आत नव्हे, पठारावरची माती बोटभर जाडीची असते). इतक्या जवळून फोकसची खोली काही मिलिमीटरच उरते, आणि कॅमेरा हमखास सर्वात पुढची पाकळी पकडतो. इथे फोकस हाताने करावा. वारा थांबेपर्यंत थांबावं. ढगाळ हवा कंटाळवाणी वाटली तरी फुलांना तीच मानवते. ऊन आलं की पाकळ्यांवर चट्टे पडतात. जांभळ्या रंगाचं दुखणं वेगळंच. सेन्सरवर ब्राइस बायर यांनी १९७०च्या दशकात मांडलेली रंगीत जाळी असते, तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल, पाव निळे. एकाच रंगाने ओथंबलेल्या फुलात त्या रंगाची वाहिनी भरून वाहते तरी एकूण आलेख शहाण्यासारखा दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेत आणि फाइल रॉमध्ये घ्यावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. रंग सावरायला तेवढी जागा मिळते.

रंगाची सर्वात गमतीदार फजिती हळदीच्या कार्यक्रमात होते. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, एवढा पिवळा म्हणजे दिव्याचा दोष, आणि तो इमानेइतबारे पिवळा काढून टाकायला लागतो. नवरी हळदीने माखलेली आणि फोटोत फिकट. जेजुरीला भंडारा उधळतात तेव्हाही तेच. ऑटो बंद करून डेलाइट लावला की सोनं सोन्यासारखं दिसतं. आणि जेजुरीत लेन्स बदलू नये. सेन्सरवर बसलेली हळद पुढच्या बारशापर्यंत प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसते.

पावसाळी धबधब्यांबद्दल माझं मत फारसं लोकप्रिय नाही. अर्ध्या सेकंदाचं शटर लावून पाण्याचं दूध करायची साथ आली आहे. बारीक झऱ्याला ते शोभतं. जुलैत कोसळणाऱ्या धबधब्याला नाही. नाणेघाटात वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं, त्याला संथ शटर लावलं तर उरतं फक्त धुकं. थेंब वर जाताना दिसायला हवेत, तर पाचशेच्या वर जावं. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत कोंडून ठेवला तर लेन्सला बुरशी धरते, कोकणात तर हमखास. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दोन्ही स्वस्त आहेत.

काजव्यांचं प्रकरण थोडं अवघड. मेअखेर ते पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी भागात झाडं लुकलुकतात, आणि समाजमाध्यमांवर लखलखीत झाडांचे फोटो येतात. ते डोळ्याला तसं दिसत नाही. वीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम एकावर एक रचून ते झाड बनवलेलं असतं. करावं, पण फोटोखाली तसं लिहावं. आणि टॉर्च लावू नये. काजव्याचा प्रकाश हे जोडीदाराला बोलावणं असतं. बॅटरीच्या उजेडात ते कुणाला दिसत नाही.

कोजागरीचा चंद्र काढताना बहुतेकांच्या हाती पांढरी चकती लागते. मापक काळं आभाळ मोजतो, तर चंद्र हा भर उन्हात पडलेला दगड असतो. आयएसओ १००, अपर्चर ११, शटर शंभरावा भाग, एवढ्यावर त्याचे डाग दिसतात. दूध आटवताना पातेल्यात उतरलेला चंद्र मात्र या आकड्यांत सापडत नाही, त्याला वेगळी फ्रेम घ्यावी.

दिवाळीचे आकाशकंदील लोक अंधार पडल्यावर काढतात, तोवर उशीर झालेला असतो. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आभाळाचा निळा उजेड आणि कंदिलाचा उजेड एकमेकांच्या बरोबरीला येतात. ती वेळ हुकली की कंदील जळतो आणि वाडा काळा होतो. एलईडीच्या माळांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर पन्नासावर किंवा शंभरावर आणावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. आतषबाजीला ट्रायपॉड, अपर्चर आठ, चार-पाच सेकंद.

पणतीच्या उजेडातला चेहरा आता बहुतेक घरांत फोनवरच निघतो, आणि परस्पर निर्णय घेण्यात फोन सर्वात पुढे आहे. तो एका दाबात अनेक फ्रेम घेऊन मिसळतो, सावल्या उपसून काढतो, आणि पणतीपुढची आजी दुपारी बाराच्या उजेडात बसल्यासारखी दिसते. यावर उपाय सोपा: पडद्यावर पणतीच्या ज्योतीजवळ बोट ठेवायचं आणि शेजारी उमटणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. काळोख परत येतो, गालावरचा तांबूस उजेड परत येतो. याहून खटकणारी गोष्ट म्हणजे सुशोभनाच्या नावाखाली कातडी उजळ करणं आणि सुरकुत्या पुसणं. सावळ्या माणसाला न विचारता गोरं करून देणारा हा निर्णय तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. काही फोनमध्ये तो पहिल्या दिवसापासून चालू असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पट्टी शून्यावर आणावी लागते, सेल्फीसाठी वेगळी आणि मागच्या कॅमेऱ्यासाठी वेगळी.