कळलावी

मृगाच्या सरी येऊन गेल्या म्हणजे आमच्या इन्सुली गांवीं गडग्यांच्या व कुंपणांच्या आधारानें एक कोंवळी वेल वर चढूं लागते. तिच्या पानांचीं टोंकें सुतासारखीं वळलेलीं असून त्यांनींच ती झुडुपांस घट्ट धरते. श्रावण-भाद्रपदांत तिला फुलें येतात. सहा पाकळ्या, त्यांच्या कडा लाटांप्रमाणें मुरडलेल्या, रंग प्रथम पिंवळा व मग लालभडक; जणूं कुंपणावर ज्वाळाच पेटल्या आहेत! हीच कळलावी. रंगावरून संस्कृतांत हिला अग्निशिखा म्हणतात व नांगरासारख्या कंदावरून लांगली. पाऊस सरला कीं वेल वाळते. कंद मात्र पुढील मृगाची वाट पाहत जमिनींत राहतो.

हें फूल मोठ्या मानाचें आहे. तें तामिळनाडूचें राज्यपुष्प व आफ्रिकेंतील झिंबाब्वेचें राष्ट्रीय पुष्प होय. त्या देशास दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत त्या काळीं, १९४७ सालीं, तेथील शाळकरी मुलांनीं राजकन्या एलिझाबेथ यांस याच फुलाच्या आकाराचें हिरेजडित भूषण भेट दिलें.

औषधांतही हिला स्थान आहे. हिच्या बियांत व कंदांत कोल्चिसीन नांवाचें द्रव्य असतें. वातरक्तानें सांधे सुजून ठणकूं लागले म्हणजे डॉक्टर तें अत्यल्प मात्रेनें देतात. याकरितां तामिळनाडूंत कळलावीची शेती होते व बिया परदेशीं जातात.

परंतु मात्रा चुकली कीं तेंच द्रव्य प्राण घेतें. आयुर्वेदानें कळलावीस उपविषांत गणिलें आहे. खाण्याचा कंद समजून कोणी हा उकडून खाल्ला, तरी विष जात नाहीं. कांहीं तासांनीं वांत्या व जुलाब सुरू होतात आणि पुढें मृत्यूही ओढवतो. या वेलीनें प्रसूतीच्या कळा लवकर येतात, ही जुनी समजूत हिच्या नांवांतच राहिली आहे. तिच्या नादीं लागून मातेचा जीव धोक्यांत घालूं नये, अशी पालकांस आमची विनंती आहे. चुकून कंद पोटांत गेल्यास घरगुती उपाय करीत न बसतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें व ओळखीकरितां वेलीचा तुकडा बरोबर घ्यावा.

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस रानांतील फुलांकडे लक्ष द्यावयास सांगितलें. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही हें फूल डोळे भरून पाहा, त्याचें चित्र काढा. परंतु कंद उकरूं नका. निर्माणकर्त्यानें एकाच कंदांत औषध व विष हीं दोन्हीं ठेविलीं आहेत. त्यांची मात्रा ओळखणें हें ज्ञानाचें काम आहे, आणि तें ज्ञान मिळविण्यासाठींच आपण शाळेंत येतों.