मोगलीचे लांडगे माळावर राहतात

रविवारी हैदराबादच्या आबिड्सची बरीच दुकानं बंद असतात आणि जीपीओच्या आसपासच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. शाळकरी आवृत्त्यांच्या ढिगात ‘जंगल बुक’ हाताला लागतं. बहुतेकांना मोगली भेटतो मात्र आधी पडद्यावर. 1942 साली म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू मोगली झाला, 1967 मध्ये डिस्नेचं कार्टून आलं, 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीत डब केलेली जपानी मालिका. तिच्यातला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला. 2016 च्या चित्रपटात नील सेठी हा मुलगा खरा, बाकी जवळजवळ अख्खं जंगल संगणकावर उभं केलेलं. दृश्य-करामतींचं ऑस्कर त्याला मिळालं, हिंदी शेरखान पुन्हा नानाच.

‘जंगल बुक’चा लेखक किपलिंग याचा जन्म 1865 चा, मुंबईतला. पण पुस्तक त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिहिलं आणि 1894 मध्ये ते छापून आलं. मोगलीची गोष्ट घडते ती शिवनी आपल्या नागपूरच्या वर, पेंचच्या पलीकडे. ती त्याने पाहिलेली नव्हती.

लांडग्याने माणसाचं मूल वाढवणं शक्य आहे का? 1867 च्या सुमारास बुलंदशहर भागात लांडग्यांच्या गुहेत सापडलेला म्हणून एक मुलगा आग्र्याजवळच्या सिकंदरा अनाथालयात आणला गेला. दीना शनिचर हे त्याचं नाव. तो अखेरपर्यंत बोलायला शिकला नाही. गुहेतली हकिगत खरी मानायला मी तयार नाही. लांडग्याची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मांस खाऊ लागतात, दोनेक महिन्यांत दूध सुटतं. आपलं बाळ तेव्हा मानही धड धरत नाही.

लांडग्यांची माया मात्र किपलिंगने वाढवून सांगितलेली नाही. टोळी म्हणजे आई, बाप आणि बहुधा आधीच्या विणीची भावंडं. शिकार करून आलेला लांडगा गुहेशी पोचला की पिल्लं त्याच्या तोंडाला नाक घासतात, चाटतात, आणि तो पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकतो. आईबापांच्या जोडीला थोरली भावंडंही पिल्लांना असं भरवतात.

चित्रपटांनी एक घोळ पक्का केला, तो म्हणजे घनदाट जंगल. आपला लांडगा मुख्यतः उघड्या माळाचा. सोलापूरजवळचं नान्नज, पुणे जिल्ह्यातले सासवड-बारामतीकडचे माळ, मराठवाडा आणि तेलंगणातली कोरडी कुरणं ही त्याची घरं. देशभरात ते 3,000 च्या आसपास उरले असावेत, असा वन्यजीव अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघाला अभयारण्य मिळतं, माळाची नोंद मात्र ‘पडीक’ म्हणून होते. मग तिथे झाडं लावा, कारखाना काढा, कुणी हरकत घेत नाही. गावाच्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री माळावर जातात, लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळ कुत्र्या-लांडग्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्धही झाला आहे.

आणि याच माळावर मेंढरं चारणारा धनगर? मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे जाळी, ओलांडून लांडगा रात्री मेंढरू उचलतो, तेव्हा तोटा धनगराचा एकट्याचा. सरकारी भरपाई आहे; पण त्यासाठी पंचनामा लागतो आणि तोवर धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, पुढच्या मुक्कामाला हललेला असतो. भरपाई गावाच्या नव्हे, वाड्याच्या वाटेने चालली, तर लांडग्याला जगू देणं धनगराला परवडेल.